पदवी आधी की व्हिसा आधी?

आधी पदवी पूर्ण करावी की आधी अमेरिकेत स्थायिक होण्याचा व्हिसा घ्यावा, असे आपण विचारले आहे. आपले पती अमेरिकी नागरिक आहेत आणि जर्मनीतील आपल्या एम.एस.चे दीड वर्ष बाकी आहे, तेव्हा पहिली गोष्ट ही की आय-१३० अर्ज (पत्नीच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, पतीने करायचा पहिला अर्ज) आताच भरावा. अर्ज लवकर केला म्हणून लवकर जावे लागत नाही.

खरे घड्याळ सुरू होते ते वैद्यकीय तपासणीपासून. व्हिसाची मुदत या तपासणीशी बांधलेली, साधारणपणे जास्तीत जास्त ६ महिन्यांची असते आणि पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावरील तारखेच्या आत अमेरिकेत प्रवेश करावाच लागतो. माझ्या पत्नीचा प्रबंध ऐन वेळी ३ महिने लांबला आणि ते दिवस आम्ही फार काळजीत काढले. म्हणून प्रबंध सादर करण्याची तारीख पक्की झाल्यावरच वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाच्या मुलाखतीकडे वळावे. तोवर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागदपत्रे गोळा करणारे अमेरिकी सरकारी केंद्र) थांबू शकते, मात्र वर्षभर संपर्कच ठेवला नाही तर ते बंद होऊ शकते.

थांबण्याचा एक लाभही आहे: प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षे पूर्ण झालेली असल्यास २ वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डाऐवजी थेट १० वर्षांचे कार्ड मिळते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका दोन:

- प्रवेशाची नोंद करून लगेच शिक्षणासाठी परतणे. ग्रीन कार्ड अमेरिकेत राहणाऱ्यासाठी असते. वर्षभर बाहेर राहायचे असेल तर री-एंट्री परमिट (परत प्रवेशाचा परवाना) लागते, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.
- जर्मनीतील पोलीस दाखला विसरणे. तो तिथला पत्ता नोंदलेला असतानाच मागवावा.