मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे (वेडेवाकडे दात आणि जबडे नीट करणाऱ्या दंतवैद्याकडे) पहिल्यांदा कधी न्यावं?

साधारण सातव्या वर्षी. सगळे दुधाचे दात पडायची वाट बघू नका. सातव्या वर्षापर्यंत पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ते कळतं. नेलं म्हणजे लगेच तारा लागतात असं नाही. बऱ्याच मुलांना नुसतं अधूनमधून तपासत राहतात.

घरी एक करून बघा. मुलाला तोंड हळूहळू मिटायला सांगा. दात टेकताच हनुवटी एका बाजूला सरकली, किंवा खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे आले, तर सातची वाट बघू नका. हनुवटी अशी सरकण्यामागे बऱ्याचदा अरुंद वरचा जबडा असतो, आणि तो लहानपणी सहज रुंदावता येतो, कारण टाळूच्या मधला सांधा अजून घट्ट जुळलेला नसतो.

चार वर्षांनंतरही अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेणं, हीही लवकर दाखवण्याची कारणं. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढली असेल तर मागची दाढ त्या जागेत कलते आणि नव्या दाताची वाट अडते. तिथे जागा राखणारी पट्टी लागू शकते.

आठव्या-नवव्या वर्षी वरच्या दोन पुढच्या दातांत दिसणारी लहान फट मात्र बहुधा सुळे आले की आपोआप मिटते.