हायब्रिडोमा सोबत न्यायचे का? माझं काय झालं ते सांगते

तू विचारलंयस की पॅरासाइटच्या (परजीवी जंतूच्या) पृष्ठभागावरचे रेणू अँटीबॉडीने ओळखायचं काम करतेयस, बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) मिळालीय, तर आपले हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवणाऱ्या, सतत वाढत राहणाऱ्या उंदराच्या संकरित पेशी) सोबत न्यावेत का. व्हिसाचं वगैरे सगळं साइटवर आहे, ते सोडते.

मी नेले होते. अडीच वर्षं घालवून मिळालेले चार क्लोन, म्हणजे प्रत्येकी एकाच पेशीपासून वाढवलेल्या हायब्रिडोमाच्या चार ओळी. त्यातली एक अँटीबॉडी जिवंत पॅरासाइटवर, फिक्स न करता (रसायनाने मारून स्थिर न करता), बर्फावर ठेवून लावली की सूक्ष्मदर्शकाखाली फक्त कडेने बारीक हिरवी रेघ उजळायची, आत पूर्ण अंधार. (तू पण जिवंतवरच बघ गं, फिक्स करून पडद्याला छिद्रं पाडली की आतलंही रंगतं आणि आपण उगाच सरफेस सरफेस म्हणत बसतो.)

नमुने देण्याघेण्याच्या करारावर दोन्हीकडच्या सह्या होत्या, आयातीचा परवाना होता, पण एका फॉर्मवर 'उंदराच्या पेशी' आणि दुसऱ्यावर 'जैविक नमुने' लिहिलेलं, तेवढ्यावरून खोकं अकरा दिवस अडकलं, मी रोज फोन करायचे आणि रोज नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायचे. उघडलं तेव्हा ड्राय आइसचा कण नव्हता, व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) हाताला कोमट लागली. एकही पेशी वाढली नाही. आणि जुन्या लॅबमध्ये मी मागे काहीच ठेवलं नव्हतं, हे अजून सलतं.

म्हणून निघायच्या आधी प्रत्येक अँटीबॉडीच्या हेवी आणि लाइट दोन्ही साखळ्यांच्या व्हेरिएबल (लक्ष्य ओळखणाऱ्या) भागांचं सिक्वेन्सिंग करून घे, म्हणजे त्यांच्या जनुकांतला अक्षरांचा क्रम वाचून घे. सिक्वेन्स ईमेलने जातो, तो हातात असला की क्लोन मेला तरी अँटीबॉडी पुन्हा बनवता येते. अर्ध्या व्हायल तिथेच ठेव, द्रव नायट्रोजनच्या दोन वेगळ्या टाक्यांत.

एकटेपणा येतो, जातो. मुलीला शाळेने भाषेपायी एक वर्ष खाली बसवलं ते मात्र मी तेव्हा मुकाट ऐकून घेतलं, त्याच आठवड्यात खोकं अडकलेलं, माझं लक्षच नव्हतं.

तरी ये. रूथ आणि व्हिक्टर नुसेनझ्वाइग हे मलेरियावर काम करणारं शास्त्रज्ञ दांपत्य ब्राझील सोडून न्यूयॉर्कला आलेले, १९८० मध्ये त्यांच्या गटाने मोनोक्लोनल (एकाच क्लोनच्या) अँटीबॉडीनेच मलेरियाच्या स्पोरोझोइटवरचं (डास चावल्यावर शरीरात शिरणाऱ्या रूपावरचं) प्रोटीन पकडलं, आणि २०२१ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केलेली आरटीएस,एस लस त्याच प्रकारच्या प्रोटीनवर उभी आहे. खोकं उघडल्यावर मी हेच परत परत वाचत होते.

तुझे क्लोन किती आहेत ते कळव. सिक्वेन्सिंगसाठी आरएनए काढायला जोमात वाढणाऱ्या पेशी लागतात, तर तिकिटाच्या आधी हे उरक.