वडिलांच्या घोट्याचं फ्यूजन, म्हणजे सांध्याची हाडं कायमची जोडून टाकायचं ऑपरेशन, करायचंय. पाऊल दोन-चार अंश तिरकं बसलं तर चालण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो. सर्जन 'थोडं इकडेतिकडे चालतं' म्हणाले असतील तर 'कुठल्या बाजूला चालतं?' एवढं विचारा. टाच पाच अंशांपर्यंत बाहेर झुकलेली चालते. आत झुकलेली मी एक अंशही चालवून घेणार नाही.

माझा डावा घोटा २०१६ मध्ये फ्यूज केला. स्कूटर घसरून मोडलेला, मग सांधा झिजलेला. हाड झकास जुळलं, जुनं दुखणं थांबलं, सगळे खूश. सहा महिन्यांत पावलाच्या बाहेरच्या काठावर, करंगळीच्या बरंच मागे, रुपयाएवढा घट्टा आला. पाऊल पाटासारखं आपटायचं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या कशाबशा चढायचो, उतरताना रडू यायचं. आमच्या दादाचं निदान तयार: "व्यायाम नको, नुसती तक्रार." दोन वर्षं ऐकलं हे, दर रविवारी, मिसळीबरोबर.

खरं निदान नारायण पेठेत चपला शिवणाऱ्या काकांनी केलं. त्यांनी दोन्ही चपला फरशीवर शेजारी ठेवून मागून पाहिल्या. उजवीची टाच सरळ, डावीची बाहेरून सुरीनं तिरकी कापल्यासारखी. "साहेब, तुम्ही पावलाच्या काठावर चालताय." नंतर उभं करून टाचेचा मागून एक्स-रे काढला, तर टाच आत वळलेली!

घोटा हलायचा बंद झाला की धक्का पचवायचं काम त्याच्या खालच्या सबटेलर सांध्यावर आणि पावलाच्या मधल्या सांध्यांवर येतं. टाच किंचित बाहेर असली तर मधले सांधे सैल राहतात, पाऊल जमिनीप्रमाणे वळतं. आत गेली की तेच सांधे कुलूप लावल्यासारखे घट्ट. मग ते पाऊल कसलं, फळीच. व्यायामानं हे कुलूप उघडत नाही, हे दादाला मी चित्र काढून दाखवलंय. पंजा खाली झुकून बसला तर पाय लांब झाल्यासारखा होतो आणि प्रत्येक पावलाला गुडघा मागे रेटला जातो, म्हणून पाऊल नडगीशी ९० अंशांत. बोटं पाच ते दहा अंश बाहेर, साधारण दुसऱ्या पायाइतकी.

बाहेरच्या कडेनं उंच केलेला इनसोल आणि पुढून गोलसर तळाचा बूट यांवर माझं बरंच भागलं.

हो, मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. घोटा अगदी बिनचूक बसला तरी उकिडवं बसणं विसरायचं, आणि काही वर्षांनी खालचे सांधे कुरकुरू शकतात. वडिलांना शुगर असेल तर हिशेबच वेगळा, ते आधी विचारा.

ती डावी चप्पल मी टाकलेली नाही. गणपतीला दादा आला की मुद्दाम दारातच ठेवतो, टाच त्याच्याकडे करून. तो म्हणतो, "अरे, नवी घे की आता."