बिलावरचा क्यूआर वाचला जात नाही? सेवा बदलण्याआधी फोटो बदला

प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. पुरवठादाराचा माल आला की स्टोअरवाला बिलाचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. अकाउंट्समध्ये तो फोटो एका फुकट वेब सेवेवर चढवून क्यूआरमधला मजकूर एक्सेलमध्ये घ्यायचाय आणि त्यावरून परचेस एंट्री पूर्ण करायचीय. काही बिलं वाचली जातात, बरीच वाचली जात नाहीत आणि काहींतून भलतंच काहीतरी बाहेर येतं. तर याहून चांगली सेवा कुठली?

मी वर्षानुवर्षं अशीच बिलं गिळणारी सॉफ्टवेअरं लिहितोय, त्यामुळे सरळ सांगतो, सेवा बदलून फारसा फरक पडणार नाही. आधी साधं गणित करा.

तुम्ही प्रश्नासोबत जोडलेला बिलाचा नमुना १२०० बाय १६०० पिक्सेलचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जात फोटो पाठवतं तेव्हा लांब बाजू साधारण तेवढ्यावर आणून ठेवतं. त्या फोटोत पूर्ण ए-फोर पान आहे, म्हणजे २९७ मिलिमीटर १६०० पिक्सेलमध्ये बसवलेत. एका मिलिमीटरला सव्वापाच-साडेपाच पिक्सेल. बिलावरचा क्यूआर ३० मिलिमीटरचा धरला तर त्याच्या वाट्याला आले जेमतेम १६० पिक्सेल. आता ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या जीएसटी बिलाचा, क्यूआर जवळून बघा, अगदी मुंगीसारखे ठिपके असतात. आत नऊशे-हजार अक्षरांचा मजकूर असतो, त्यामुळे एका ओळीत शंभराच्या वर चौकोन जातात. १६० पिक्सेलमध्ये शंभरावर चौकोन, म्हणजे एका चौकोनाला दीड पिक्सेल. त्यावर जेपीईजीची दाबादाबी. एवढ्यातून कुठलीही सेवा काय वाचणार? एका चौकोनाला निदान तीन पिक्सेल हवेत, चार असतील तर निवांत.

इथे कुणीतरी म्हणेल की क्यूआरमध्ये चूक दुरुस्त करायची सोय असते ना. असते. रीड-सोलोमन कोडिंगच्या चार पातळ्या आहेत: एल पातळीवर सुमारे ७ टक्के, एमवर १५, क्यूवर २५ आणि एचवर ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. पण ही सोय एखाद्या कोपऱ्यावर चहा सांडला, तुकडा फाटला, अशा नुकसानीसाठी आहे. फोटो धूसर असेल तर सगळेच चौकोन एकदम संशयास्पद होतात, आणि ७ काय न् ३० काय, कुठलीच पातळी पुरत नाही. शिवाय मजकूर मोठा असला की छापणारे बहुधा खालची पातळी घेतात, नाहीतर चौकोन आणखी वाढतात.

त्यामुळे उपाय स्टोअरमध्येच करायचा आहे. पूर्ण पानाचा फोटो रेकॉर्डसाठी हवा असेल तर खुशाल काढा, पण दुसरा फोटो फक्त क्यूआरचा, जवळून. फार जवळ गेलात तर फोकस जातो, म्हणून वीतभर लांबून काढायचा आणि मग कापायचा. कापताना चौकटीला चिकटून कापू नका. भोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडावी, असं क्यूआरचं मानकच सांगतं. ती उडाली की सेवेला क्यूआर कुठे सुरू होतो तेच कळत नाही. आणि फोटो ग्रुपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही.

पुरवठादाराकडून पीडीएफ मिळत असेल तर फोटोचा खटाटोपच नको. पण पीडीएफचा स्क्रीनशॉट काढून चढवाल तर पुन्हा तेच दुखणं. पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) चित्रात रूपांतरित करा, ३० मिलिमीटरच्या क्यूआरला साडेतीनशे पिक्सेल मिळतात आणि काम होतं. अगदीच दाट क्यूआर असेल तर ४००.

आता गेटचा शिक्का. तुमच्या नमुन्यात 'इनवर्ड'चा गोल जांभळा शिक्का बरोबर क्यूआरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर बसलाय. भोसरी असो की चाकण, गेटवरच्या मामांना बिलावर मोकळी जागा म्हणून नेमकी तीच दिसते. क्यूआरच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात त्यांवरूनच वाचक क्यूआर शोधतो. मध्यातून कुठल्याही दिशेने रेघ मारली तरी त्यांच्यात काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा हा पट्टा १:१:३:१:१ या प्रमाणात येतो, आणि वाचक चित्रभर हेच प्रमाण हुडकत फिरतो. त्यातला एक कोपरा शिक्क्याखाली गेला तर आतला मजकूर धडधाकट असूनही 'क्यूआर सापडला नाही' असं उत्तर येतं. आलेल्या बिलांवर एक युक्ती चालते. फोटोचा फक्त लाल चॅनेल (लाल रंगाची माहिती) घेऊन तो करड्या रंगात वापरा, जांभळी शाई त्यात बरीच फिकी पडते आणि काळे ठिपके काळेच राहतात. पुढच्या बिलांसाठी मामांना शिक्क्याची जागा दाखवून द्या, हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त पडेल.

(जाता जाता: १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूआर काढला तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. म्हणजे आपल्याच धंद्यासाठी. यूपीआयवाले नंतर आले.)

यूपीआयवरून आठवलं, तुमचं ते 'भलतंच'. बऱ्याच बिलांवर दोन क्यूआर असतात, वर ई-इन्व्हॉइसचा आणि खाली बँक तपशिलाशेजारी पैसे भरण्याचा. यूपीआयच्या क्यूआरमध्ये मजकूर थोडा असतो, पत्ता, नाव, फार तर रक्कम. त्यामुळे एका ओळीत चाळिशीच्या आसपासच चौकोन. त्याच १६० पिक्सेलमध्ये तो आरामात वाचला जातो आणि शेजारचा दाट क्यूआर वाचला जात नाही. म्हणून सेवेकडून तुम्हाला यूपीआयचा दुवा मिळतो. आलेला मजकूर 'यूपीआय' या अक्षरांनी सुरू होत असेल तर तो बाजूला टाका. ई-इन्व्हॉइसचा मजकूर नेहमी इंग्रजी ई, वाय, जे या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यात बरोबर दोन टिंबं असतात. हे दोन नियम प्रोग्रॅममध्ये घातले की अर्धा गोंधळ मिटेल. आणखी एक, ई-इन्व्हॉइस ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांनाच सक्तीचं आहे, तेही १ ऑगस्ट २०२३ पासून. गल्लीतल्या टर्निंगवाल्याच्या बिलावर तो क्यूआर नसणारच, तिथे सेवेला दोष देऊ नका.

सेवेचं म्हणाल तर तुम्ही वापरताय ती क्यूआरसर्व्हरची एपीआय (प्रोग्रॅममधून वापरायची सोय) चाचणीपुरती ठीक आहे. पोस्ट विनंतीत 'फाइल' नावाच्या फील्डमध्ये चित्र पाठवायचं, चित्र आधीच नेटवर असेल तर नुसता त्याचा पत्ता दिला तरी चालतं. पीएनजी, जीआयएफ किंवा जेपीईजी, आणि आकार १ एमबीच्या आत. जवळून काढलेला मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, म्हणून न कापता पाठवाल तर इथेच अडेल. उत्तर जेसन या मजकुरी रचनेत येतं. वाचता आलं नाही तर मजकुराच्या जागी 'नल' (म्हणजे काहीच नाही) आणि शेजारी काय चुकलं त्याचा संदेश. तेव्हा उत्तर आलं म्हणजे वाचलं असं धरू नका, ती जागा तपासा. झेडएक्सिंग या फुकट क्यूआर-वाचकाचं ऑनलाइन पानही आहे, एखादं अडलेलं बिल हाताने टाकून बघायला बरं.

पण रोजच्या कामासाठी मी कुठलीच बाहेरची सेवा सुचवणार नाही. तुमच्या नमुन्यात पार्टीचं नाव आणि रक्कम काळी केलीय, क्यूआर मात्र तसाच उघडा ठेवलाय. त्यात दोघांचे जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल नंबर, रक्कम सगळं आहे. ते चित्र आधी इथून काढून टाका. रोज हाच माल परक्या सर्व्हरवर चढवायचा म्हणजे कुणाकडून किती रुपयांचा माल घेतो याची वहीच दुसऱ्याच्या हातात देणं. कामगारांच्या आधार कार्डांवरचा क्यूआर तर चुकूनही चढवू नका, त्यात नाव-पत्ता आणि फोटोही असतो.

त्याऐवजी ऑफिसातल्याच एका पीसीवर पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा टाका आणि झेडएक्सिंग-सीपीपी ही लायब्ररी घ्या. फुकट आहे, एका चित्रातले सगळे क्यूआर एकदम देते आणि वाकडे-तिकडे फोटोही बऱ्यापैकी सांभाळते. झेडबार ही दुसरी लायब्ररीही चालते, पण दाट क्यूआरवर माझा भरवसा पहिलीवर जास्त. समोर एक फोल्डर ठेवायचा, स्टोअरवाल्याने त्यात चित्र टाकायचं. ज्याला वेब सेवाच हवी असेल त्याने याच लायब्ररीवर अपलोडचं छोटं पान करून ऑफिसच्या नेटवर्कपुरतं चालवावं, एका दुपारचं काम आहे.

मजकूर हातात आल्यावर तो कळत नाही म्हणून घाबरू नका. तो गुप्त केलेला नाही, फक्त बेस-सिक्स्टीफोरमध्ये, म्हणजे डेटा साध्या अक्षरांत मांडायच्या पद्धतीत, लिहिलेला आहे. टिंबांनी त्याचे तीन तुकडे होतात: शीर्ष, मजकूर आणि सही. मधला तुकडा उलगडायचा. हा बेस-सिक्स्टीफोरचा यूआरएलवाला प्रकार आहे, त्यात अधिक आणि तिरकी रेघ या चिन्हांऐवजी वजा आणि अंडरस्कोर असतात. साध्या डीकोडरमध्ये टाकलं की तो रडतो. उलगडल्यावर जेसन मिळतं आणि त्याच्या 'डेटा'मध्ये पुन्हा जेसन मजकूर म्हणून कोंबलेलं असतं, म्हणून दोनदा वाचावं लागतं.

त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटीआयएन, बिल नंबर, प्रकार, तारीख, एकूण रक्कम, किती आयटम, मुख्य आयटमचा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड), आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आणि त्याची तारीख, एवढंच मिळतं. आयटमवार यादी नाही, सीजीएसटी-एसजीएसटीची फोड नाही. तुम्ही त्यावरून परचेस एंट्री पूर्ण करायचं म्हणत होता, ते होणार नाही. एक्सेलमध्ये बिल नंबरचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर ५-२४ नंबरच्या बिलाचा मे महिना होईल.

आणि क्यूआर वाचला म्हणजे बिल खरं ठरलं असंही नाही. असा मजकूर छापून क्यूआर कुणीही बनवू शकतो. खरेपणा तिसऱ्या तुकड्यातल्या सहीत आहे. ती आयआरपीच्या (ई-इन्व्हॉइस नोंदवणाऱ्या पोर्टलच्या) सार्वजनिक, म्हणजे सही तपासायला सर्वांना खुल्या असलेल्या, किल्लीशी ताडून बघावी लागते, आणि आयआरपी सरकारी एनआयसीशिवाय खासगीही आहेत, म्हणून कुठल्या आयआरपीचं बिल आहे ते आतल्या 'आयएसएस' या नोंदीवरून बघा. एवढं नको असेल तर ६४ अक्षरांचा आयआरएन जपून ठेवा. विकणाऱ्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि नंबर यांवरून तो बनतो, त्यामुळे तेच बिल दोनदा आलं तर लगेच पकडलं जातं. जीएसटीआर-टूबी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं महिन्याचं विवरण) १४ तारखेला आली की तिच्या एक्सेलमध्येही आयआरएनचा रकाना असतो. दोन्ही रकाने व्हीलुकअपने जुळवा, कराची फोड तिथूनच घ्या, आणि जुळली नाहीत तेवढीच बिलं हातात धरून पुरवठादाराला फोन करा.