प्रयोगशाळेच्या टेबलावरून: निओडिमियम वर चढत का नाही?

प्रश्न : जुन्या चुंबकाच्या हायड्रोक्लोरिक आम्लातल्या द्रावणातून (निओडिमियम ०.०५ मोलर, पीएच २) आम्ही केरोसिनमधल्या ०.५ मोलर डी२ईएचपीएने (धातूचे आयन पाण्यातून केरोसिनच्या थरात ओढणारे एक सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आम्ल) निओडिमियम काढतो. दोन्ही द्रव समान घेऊन घुसळतो, तरी बराच धातू खालच्या पाण्यातच राहतो. अर्धा तास जास्त घुसळूनही फरक पडला नाही.

उत्तर : दोष वेळेचा नाही, आम्लाचा आहे. डी२ईएचपीए एक निओडिमियम आयन उचलताना तीन हायड्रोजन आयन पाण्यात सोडते. तुमचा सगळा धातू वर गेला, तर पाण्यात ०.१५ मोल प्रतिलिटर आम्ल जमेल आणि पीएच ०.८ च्या आसपास येईल. वितरण गुणांक (वरच्या थरातल्या आणि पाण्यातल्या धातूच्या प्रमाणांचे गुणोत्तर) हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पीएच एकाने उतरला की तो हजारपट घटतो. म्हणून पीएच घुसळून झाल्यावर मोजा. सुरुवातीचा आकडा फारसे काही सांगत नाही.

उपाय म्हणजे सेंद्रिय द्रवातल्या (केरोसिनच्या थरातल्या) डी२ईएचपीएचा काही भाग आधी सोडियम क्षारात बदलणे. ३० टक्के पुरे. लिटरमागे ०.१५ मोल, म्हणजे ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा. १० मोलर द्रावणाचे १५ मिलिलिटर ढवळत थेंबथेंब घाला. आता हायड्रोजनऐवजी सोडियम पाण्यात उतरेल. कॉस्टिक जास्त झाला, तर दोन थरांच्या मध्ये हायड्रॉक्साइडचा चिकट गाळ साचतो. हा सोडियम क्षार साबणासारखा वागतो, त्यामुळे पाणी धरून थर दुधाळ होतो. सेंद्रिय द्रवात ५ टक्के ट्रायब्युटाइल फॉस्फेट घातले की थर नीट सुटतात.

लोहाचे काय केलेत, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि खरी पंचाईत तिथेच असते. चुंबकात निओडिमियमच्या दुपटीहून जास्त लोह असते. फेरिक लोह (तीन धनभारांचा लोह आयन) निओडिमियमच्या आधी सेंद्रिय थरात शिरते आणि तीव्र आम्लानेही सहजी बाहेर येत नाही. दोन-चार फेऱ्यांत द्रव निकामी होतो. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सगळे लोह फेरिक करा, पीएच ३ ते ३.५ वर गरम द्रावणातून अवक्षेपित करून (घन साक्याच्या रूपात खाली बसवून) गाळा, मग पीएच पुन्हा २ वर आणा.

प्रश्न : त्यात प्रॅसिओडिमियमही (निओडिमियमसारखाच धातू) आहे. तेही वेगळे काढावे का?

उत्तर : एका घुसळणीत नाही जमणार. दोन्ही आयनांच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या असल्याने पृथक्करण गुणांक (दोघांच्या वितरण गुणांकांचे गुणोत्तर) दीडच्या आसपास राहतो आणि डझनावारी टप्पे लागतात. पुन्हा चुंबकच करायचा असेल, तर मिश्रण चालते.