वाचकांचे प्रश्न : सगळ्यांत चिवट प्राणी कोण?

गेल्या अंकात जलअस्वलावर, म्हणजे मॉसमध्ये (भिंतीवर उगवणाऱ्या मखमली हिरवाईत) राहणाऱ्या टार्डिग्रेड या अगदी बारीक प्राण्यावर, एक चौकट छापली होती. मथळा होता ‘जगातला सर्वांत कणखर प्राणी’. त्या मथळ्यावरून बरीच पत्रे आली, काही रागावलेलीही. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : नववीच्या वर्गात या विषयावर वादविवाद ठेवला होता. अर्धा वर्ग जलअस्वलाच्या बाजूने, अर्धा हनी बॅजरच्या (आफ्रिका-आशियातला छोटा, भांडखोर मांसभक्षी प्राणी). निकाल राखून ठेवला आहे. काय द्यावा? (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : आधी शब्द ठरवून घ्या. ताकदवान, काटक आणि चिवट असे तीन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि अशा वादात तिन्ही एकत्र कालवले जातात. हत्ती ताकदवान, डोंगरातले खेचर काटक. ज्याचा जीव सहजासहजी जात नाही तो चिवट. मुलांनी चिवटपणावर वाद घातला असेल, तर प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारायला लावा. कशापुढे टिकतो? किती वेळ टिकतो? आणि टिकतो तेव्हा जागा असतो की निपचित?

तिसरा प्रश्न हमखास विसरला जातो. जलअस्वलाचे बहुतेक विक्रम ते वाळून, पाय पोटात घेऊन, पिंपासारखा गोळा होऊन पडलेले असतानाचे आहेत. त्या अवस्थेत ते खात नाही, हलत नाही, त्याचे चयापचय जवळजवळ थांबलेले असते. हनी बॅजर जे काही सोसतो ते धावता-भांडताना. दोन्ही गट वेगवेगळ्या मैदानांवर खेळत होते, तेव्हा दोघांनाही अर्धे अर्धे गुण द्यायला हरकत नाही. मात्र ‘हनी बॅजरला कोणीच मारू शकत नाही’ असे ज्याने म्हटले असेल त्याचा एक गुण कापा. सिंह आणि बिबटे त्याला मारतात.

प्रश्न : जलअस्वल उकळत्या पाण्यातही मरत नाही, असे मोबाइलवर फिरते. खरे आहे का? (नागपूर)

उत्तर : जागे असेल तर मरते, आणि त्यासाठी पाणी उकळायचीही गरज नाही.

1920च्या दशकात गिल्बर्ट राम या जर्मन धर्मगुरूने वाळलेली जलअस्वले काही मिनिटे 151 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, आणि द्रव हीलियममध्ये उणे 271-272 अंशांच्या आसपास थंडही केली. पाणी दिल्यावर त्यांतली काही पुन्हा चालू लागली. तेव्हापासून हे आकडे ‘कोरडे’ हा शब्द गाळून फिरत आहेत. 2020 साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी घराच्या पन्हाळीत सापडणारी एक जात घेऊन नेमके मोजमाप केले. पाण्यात जागी असलेली जलअस्वले 37.1 अंशांवर ठेवली, तर 24 तासांत निम्मी मेली. आधी थोड्या कोमट पाण्याची सवय लावली, तेव्हा हा आकडा जेमतेम 37.6पर्यंत सरकला. वाळलेल्या गोळ्यांना एक तास तापवले, तेव्हा निम्मी मरायला 82.7 अंश लागले. तोच ताप 24 तास दिला, तर 63.1 अंशही पुरले. म्हणजे कोरडेपणीसुद्धा वेळ वाढला की मर्यादा उतरते, म्हणून ‘किती वेळ’ विचारायचे.

माणसाच्या अंगाइतक्या उबेत निम्मी दगावतात, तर विदर्भातल्या मे महिन्यात त्यांचे कसे निभावते? तेव्हा भिंतीवरचा मॉस कोरडाठाक असतो, त्यामुळे आतले जलअस्वलही वाळून पडलेले असते. ऊन कडक आणि मॉस ओला, ही जोडी त्याला खरी घातक.

प्रश्न : पाणी गेले की प्रत्येक प्राणी मरतो. हाच का मरत नाही? (पुणे)

उत्तर : अंगातले सुमारे 97 टक्के पाणी गेले तरी पेशीतले भाग एकमेकांवर कोसळू नयेत, याची सोय तो आधी करून ठेवतो. पाणी कमी होऊ लागले की पेशींत एरवी मोकळी तरंगणारी काही खास प्रथिने एकमेकांत गुंतून जेलीसारखे जाळे धरतात. काही जातींत ट्रेहॅलोज ही शर्कराही मदतीला असते. ही तयारी व्हायला वेळ लागतो. म्हणूनच दमट हवेत हळूहळू वाळलेले जलअस्वल जगते, आणि काचपट्टीवर दिव्याखाली पाच मिनिटांत वाळलेले बहुधा मरते. मॉसच्या गादीत पाणी सावकाश उडते, त्याचा जीव त्यावर अवलंबून.

प्रश्न : घरच्या घरी जलअस्वल कसे शोधावे? शाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे. (रत्नागिरी आणि कोल्हापूरहून दोन पत्रे)

उत्तर : पावसाळ्यात पायरीवर घसरायला लावणारे बुळबुळीत हिरवे शेवाळ घेऊ नका. जुन्या कंपाउंडच्या भिंतीवर, कौलांवर, आंब्याच्या खोडावर जे बारीक पानांचे मखमली मॉस असते ते हवे. मसाल्यातले दगडफूल ज्या कुळातले, त्या लायकेनमध्येही जलअस्वले राहतात. (गोडा मसाला करणाऱ्यांनी दचकू नये. दगडफूल कढईत भाजले की प्रश्न मिटतो.)

पाच रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो, पण चार-पाच निरनिराळ्या जागांवरून घ्या, कारण एखाद्या तुकड्यात एकही नसते आणि शेजारच्यात वीस निघतात. तुकडे कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी येते. खालची माती झटकून टाका, नाहीतर पाणी गढूळ होऊन काहीच दिसत नाही.

तुकडा उलटा, हिरवी बाजू खाली करून, पारदर्शक पसरट डबीत ठेवा आणि बुडेल इतके पावसाचे पाणी घाला. नळाचे पाणी असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन उडू द्या. कोरडा मॉस 12 ते 24 तास भिजू द्या. काही जलअस्वले अर्ध्या तासात हातपाय पसरतात, जास्त दिवस वाळून पडलेल्यांना कित्येक तास लागतात. मग मॉस त्याच डबीत दोन-तीनदा पिळून बाजूला करा आणि गाळ दहा मिनिटे बसू द्या. शोध त्या गाळात घ्यायचा, वरच्या नितळ पाण्यात नाही.

ड्रॉपरने गाळाचा थेंब काचपट्टीवर घ्या. चारच्या भिंगाला दहाचे नेत्रभिंग, म्हणजे 40 पट, एवढे शोधायला पुरते. खालची प्रकाशझडप बरीच मिटा. जलअस्वल जवळजवळ पारदर्शक असते, झगझगीत उजेडात ते विरून जाते. बहुतेक जाती अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या असतात. मनु प्रकाश यांच्या गटाने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे 140 पट दाखवतो. ओळख पटवायला तो छान, पण त्यात एका वेळी दिसणारा भाग लहान, म्हणून शोधायला कंटाळवाणा.

चुकामूक तिघांशी होते. चाबकासारखा वळवळणारा पाय नसलेला धागा म्हणजे सूत्रकृमी. जळवेसारखा आखडत-लांबत सरकणारा आणि तोंडाशी चक्रे फिरल्यासारखी दिसणारा रोटिफर. सांध्यांचे पाय असलेली ती कोळीकुळातली माइट. जलअस्वलाला आखूड, बिनसांध्यांचे आठ पाय, टोकाला नख्या, आणि चाल डुलत-डुलत. 1773मध्ये गोएझे या जर्मन निसर्गअभ्यासकाने त्याला ‘लहान पाणअस्वल’ म्हटले. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने ‘मंदगती’ अशा अर्थाचे टार्डिग्रेड हे नाव दिले. दोघांनाही आधी ती चालच दिसली असणार.

नेहमीची तक्रार अशी, की सापडले, पण दुसऱ्या दिवशी फुगून ताठ, काचेसारखे पडले होते, मेले. बहुधा मेलेले नसते. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की ते असे फुगून निश्चल होते. ताज्या पाण्यात हलवा, काही तासांत ते हलू लागते. तसेच बरेच दिवस ठेवले, तर मात्र खरेच मरते.

प्रश्न : अणुयुद्धानंतर फक्त झुरळे उरतील, हे खरे का?

उत्तर : झुरळ माणसापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग सोसते, पण कीटकांमध्ये त्याचा नंबर वर लागत नाही. केळ्यावर घोंगावणारी फळमाशीसुद्धा त्याच्या पुढे आहे.

जलअस्वलाची गोष्ट वेगळी. उपचार न मिळाल्यास माणसांपैकी निम्मी दगावतात ती 4-5 ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचे एकक) इतक्या मात्रेला. जलअस्वलाच्या काही जाती 4 ते 5 हजार ग्रे घेऊनही दोन दिवसांनी चालताना दिसतात, आणि हे जागेपणीही जमते. मात्र हजार ग्रेच्या वर गेल्यावर प्रयोगांतल्या माद्यांची अंडी उबली नाहीत. स्वतः जगायचे आणि वंश बुडवायचा, याला किती गुण द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या डीएनएला इजा होतच नाही, असेही समजू नका. इजा होते, पण तो ती झपाट्याने दुरुस्त करतो. शिवाय 2016मध्ये टोकियो विद्यापीठातल्या गटाने ‘डीसप’ नावाचे एक प्रथिन शोधले, ते डीएनएला ढालीसारखे बिलगते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत ते घातले, तेव्हा क्ष-किरणांची इजा सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली. ज्याने कधी अणुभट्टी पाहिली नाही त्याला ही ढाल कशाला? बहुधा वाळण्यासाठी. पाणी गेले की डीएनए तसाही तुटतो.

प्रश्न : चंद्रावर जलअस्वले जिवंत आहेत म्हणे? (ठाणे)

उत्तर : 11 एप्रिल 2019 रोजी इस्रायलचे बेरेशीट यान चंद्रावर आदळले. त्यात काही हजार वाळलेली जलअस्वले होती. केंट विद्यापीठात 2021मध्ये गोठवलेली जलअस्वले पोकळ नायलॉनच्या गोळीत भरून बंदुकीने वाळूवर झाडली. सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगापर्यंत ती वाचली, त्याच्या पुढे चिंधड्या झाल्या. धातूच्या यानाच्या धडकेत दाब याहून बराच जास्त होतो, तेव्हा तिथे कोणी उरले असण्याची शक्यता कमी. उरलेच असेल तरी पाण्यावाचून ते उठणार नाही.

अंतराळात मात्र ती खरोखर टिकली. 2007मध्ये फोटॉन-एम3 या यानातून गेलेल्या वाळलेल्या जलअस्वलांनी दहा दिवसांची निर्वात पोकळी सहज सोसली. सूर्याचे सगळे अतिनील किरणही अंगावर घेतले, तेव्हा मोजकीच वाचली.

प्रश्न : सायबेरियातला किडा 46 हजार वर्षांनी उठला. मग पहिला नंबर त्याचा नको? (नाशिक)

उत्तर : ‘किती वेळ’ याच कसोटीवर विचाराल तर होय. 2023मध्ये जाहीर झालेला हा सूत्रकृमी कोलिमा नदीच्या भागात सुमारे 40 मीटर खोल गोठलेल्या मातीतल्या एका जुन्या बिळात होता. वय ठरवले ते त्याच बिळातल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून. एक रोटिफर 24 हजार वर्षांनी उठला होता. जलअस्वलाचा गोठून उठण्याचा गाजलेला आकडा त्यापुढे अगदीच पोरकट : अंटार्क्टिकातला 1983चा मॉस उणे 20 अंशांत ठेवला होता, तो जपानी संशोधकांनी 2014मध्ये वितळवला. साडेतीस वर्षे.

प्रश्न : मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन नागाचे विष उतरवतो, असे आजी सांगायची. आणि हनी बॅजर काय खातो?

उत्तर : मुळीची गरज दोघांनाही नाही. नागाच्या विषातला एक मोठा घटक स्नायूंवरच्या एका कुलपात किल्लीसारखा बसतो. कुलूप अडले की मेंदूचा निरोप स्नायूला मिळत नाही, श्वास थांबतो. मुंगसाच्या कुलपाच्या तोंडाशी शर्करेचा एक रेणू चिकटलेला असतो, त्यामुळे विषाची किल्ली आत जात नाही. हनी बॅजरने तेच वेगळ्या युक्तीने साधले आहे : त्या जागी धनभारित अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली एक कडी) आहे, आणि विषही धनभारित असल्याने ते दूर ढकलले जाते. ही सोय फक्त मज्जातंतूंवरच्या या विषापुरती. रक्तावर काम करणाऱ्या घोणशीच्या विषाला हे कुलूप अडवत नाही. मुंगूस नागाला जिंकतो त्यात चपळाईचा वाटा मोठा, कारण मात्रा जास्त झाली तर तोही मरतो.

हनी बॅजरचे दुसरे शस्त्र म्हणजे कातडी. मानेवर ती सुमारे 6 मिलिमीटर जाड आणि इतकी सैल, की मान धरली तरी तो आतल्या आत वळून चावतो.

प्रश्न : आढेवेढे पुरे. एक नाव सांगा. (सोलापूर)

उत्तर : निपचित पडून टिकणाऱ्यांत जलअस्वल. वेळेत सूत्रकृमी जिंकतो, पण ताप, थंडी, निर्वात, किरणोत्सर्ग या सगळ्या परीक्षांना बसून गाजलेला उमेदवार जलअस्वलच. मथळा मागे घेत नाही, त्यात ‘वाळल्यावर’ हा शब्द मात्र हवा होता.

जागेपणी टिकणाऱ्यांत आमचे मत पट्टकादंब हंसाला. हिवाळ्यात जायकवाडीला दिसतो तोच, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. हिमालय ओलांडताना उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवलेली त्याची कमाल उंची 7,290 मीटर आहे. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे हंस वाऱ्याच्या बोगद्यात, नेहमीच्या 21ऐवजी 7 टक्के प्राणवायूवर, तोंडाला मुखवटा लावून उडवले. काही उडाले. त्या अवस्थेत त्यांनी शरीराचा खर्च कमी केला, पण पंख हलवायचा वेग जवळजवळ तोच ठेवला. 7 टक्के म्हणजे सुमारे 9,000 मीटरवरची हवा. तिथे माणसाला नुसते चालणेही जड जाते.