काका, इथं एक्स म्हणजे डाया

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, जाणार, हे तुझ्या आईकडून कळलं. बेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या हाताखाली शिकायचं म्हणून तुला जेवण जाईना झालंय, हेही त्या बोलल्या. मला तू अजून उद्यमनगरात माझ्याशेजारी लेथवर उभा राहणारा पोरगाच आहेस, म्हणून हक्कानं लिहितो.

मी सीएनसीवर गेलो तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. हँड लेथवर पंचवीस वर्षं गेलेली. पहिल्याच आठवड्यात जॉब डायाला, म्हणजे व्यासाला, ०.२० मिमी जास्त आला. आपल्या लेथवर टूल जेवढं आत द्यावं त्याच्या दुप्पट डाया उतरतो, त्यामुळं हात निम्मंच देतो. सवयीनं मशीनच्या ऑफसेटला, म्हणजे टूल किती आत-बाहेर सरकवायचं त्या एक्सच्या आकड्याला, उणे ०.१० टाकलं. जॉब तरीही जास्तच. परत निम्मं टाकलं, परत जास्त. मशीनच बिघडलंय म्हणून सांगायला निघालो, तेवढ्यात शेजारचा बावीस-तेवीस वर्षांचा ऑपरेटर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “काका, इथं एक्स म्हणजे डाया. जेवढं जास्त, तेवढंच टाकायचं.”

कान तापले माझे. बघ, मला चुकवलं ते माझ्या सरावलेल्या हातानंच. त्या दिवशी सुट्टी झाल्यावर दहा रुपयांची वही घेतली आणि त्या पोराला रोज एक तरी प्रश्न विचारायला लागलो. त्यानं कधी हसण्यावारी नेलं नाही. उलट महिन्याभरानं कास्टिंगच्या (ओतीव जॉबच्या) कडेला इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाची पाती, सारखे तुटायला लागले, तेव्हा तोच माझ्याकडं आला. टूलचा आवाज ऐकूनच मला कळलं, कड चिल झालीय, म्हणजे ओतताना लवकर थंड होऊन कडक झालीय. फाऊंड्रीला निरोप गेला. तुझं जुनं ज्ञान असंच कामाला येईल. कुणी विचारायला आलं की सांग. तोवर “आमच्याकडं असं करत होतो” हे वाक्य निदान पहिला महिना तोंडातून काढू नकोस. समोरच्याला ते टोमण्यासारखं लागतं, आणि तुझेही डोळे मागंच लागून राहतात.

पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, ते घरात एकदाच नीट सांगून टाक. रोज उगाळू नकोस.

आता हिशेबाचं. जुन्या कारखान्यात तुझी सोळा वर्षं झालीत, ग्रॅच्युइटी सोडायची नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि दिवसाचा पगार काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २०,८०० असेल तर १,९२,००० रुपये होतात. लेखी अर्ज दे, पोच घे. पीएफ मात्र काढू नकोस. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दे आणि खातं ट्रान्सफर करून घे. पेन्शनला लागणारी दहा वर्षं तुझी केव्हाच भरलीत, ती नोकरी जोडलेली राहू दे. गाडी घ्यायची म्हणून मोडलेला पीएफ मला आजही सलतो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं आधी पोच. शिफ्ट बदलताना आधीचा ऑपरेटर काय सांगून जातो ते ऐकायला मिळतं, ते पुढं दिवसभर कुणी सांगत नाही.

माझी ती वही अजून आहे. तेलाचे डाग पडलेत, पण अक्षर लागतं. रविवारी ये आणि घेऊन जा. पहिल्या पानावर एक्सचंच लिहिलंय.

तुझा,
काका